खुणांच्या मापाचं

नव्या घरासाठी आम्ही विकत घेतलेली पहिली वस्तू म्हणजे एक लाकडी स्टूल. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीला माझा हात पोचत नव्हता आणि नवऱ्याची जेमतेम बोटं टेकत होती. मी चार फूट अकरा इंच, तो पाच फूट दोन. "तुमची जोडी म्हणजे दीडच माणूस," असं माझी नणंद लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली होती आणि हसण्यात आम्ही दोघंच पुढे होतो.

उंच्या मी फूट-इंचात सांगते, त्याला इलाज नाही. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी बारा वर्षं कटिंग करते आहे. माणूस समोर आला की मला आधी त्याचे खांदे दिसतात आणि मग चेहरा. आधी कागदाचा फर्मा कापायचा, तो कापडावर ठेवायचा, कडेनं खडू फिरवायचा आणि मग कात्री लावायची, असं माझं काम. गळ्यातला टेप घरी आल्यावरही काढायचा राहून जातो. लग्नाआधी मी नवऱ्याच्या शर्टाचा फर्मा कापला होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आधी मला त्याचं मापच आवडलं होतं. अंगानं लहान, पण सगळं जिथल्या तिथे.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या छताला एक लहानशी झडप असते, तिच्यातून वर चढून काम करावं लागतं. धिप्पाड माणसं तिथे अडकतात आणि हा सुळकन वर जातो. कुठल्याही फटीत बसतो म्हणून कामावर त्याला सगळे 'पाचर' म्हणतात. लाडात आले की मीही तेच म्हणायची.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी. आधीचं जोडपं तिथे बरीच वर्षं राहिलं होतं, असं दलाल म्हणाला.

"मग सोडलं का?" मी विचारलं.

"गेले," तो म्हणाला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवून जिन्याला लागला.

त्यांचं सामान गेलं होतं, पण खुणा राहिल्या होत्या. बाहेरच्या खोलीच्या भिंती वर्षानुवर्षांच्या धुरानं पिवळ्या पडल्या होत्या आणि जिथे जिथे काही उभं होतं तिथे मूळ पांढरा रंग तसाच होता. डाव्या भिंतीवर कपाटाएवढा उभा चौकोन आणि त्याच्याखाली फरशीत पायांचे चार खड्डे. समोर आरशाचा लंबगोल. खिडकीजवळ टेबलाची आडवी रेघ. उजव्या भिंतीलगत लांब बाकाची खूण होती आणि तिच्या वर, शेजारी शेजारी, दोन तेलकट डाग. डोकं टेकून टेकून पडतात तसे. डावीकडचा वर होता आणि उजवीकडचा त्याच्याहून दोन बोटं खाली. दोन माणसं तिथे रोज बसत असणार.

रंग द्यायला हवा होता, पण अनामत भरल्यावर हातात पैसे उरले नव्हते. नवरा म्हणाला, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पण मला त्या भिंतींकडे बघवत नव्हतं. दुसऱ्याचं उष्टं ताट पुढे आल्यासारखं वाटायचं. आणि मग मला ती युक्ती सुचली. तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश झाले होते.

"रंग परवडत नाही ना? मग खुणा झाकू. सामान तर घ्यायचंच आहे. जुन्या बाजारातून त्या त्या मापाचं घेऊ."

"अगं, कोणाच्या भिंतीला बसेल असं सामान कोण विकत असतं?"

"मी शोधीन. तू फक्त उचलायला ये."

मी खाकी कागद आणला आणि प्रत्येक खुणेचा फर्मा कापला. कपाट, आरसा, टेबल, बाक, दोन फोटो, एक घड्याळ. प्रत्येकावर आकडा घातला आणि कापडाचे गठ्ठे बांधतात तसे सगळे फर्मे गुंडाळून बांधले. दर सुट्टीच्या दिवशी आम्ही ते काखेत मारून जुन्या सामानाच्या बाजारात जायचो. दुकानदार आधी हसायचे आणि मग कुतूहलानं बाहेर येऊन बघायचे.

मला वाटलं होतं, दोनचार बोटं इकडेतिकडे चालवून घ्यावी लागतील. तसं काही झालं नाही. पहिल्याच सुट्टीला एका गोदामाच्या मागे कपाट मिळालं. फर्मा लावला तर चारी कडा जुळल्या. पुढच्या सुट्टीला, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आरसा मिळाला. एकमेकांना ओळखतही नसलेल्या पाच विक्रेत्यांकडून पाच सुट्ट्यांत सगळं जमलं. कारखान्यात मी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगत होते. बाराव्या वर्षी एकदाची माझी नजर तयार झाली, म्हणायची.

कपाट ढकलताना मात्र एक गोष्ट दिसली. त्याच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, ओलीचा तपकिरी डाग होता. अर्धाच, कडेशी तुटलेला. उरलेला अर्धा डाग आमच्या भिंतीवर होता. कपाट जागेवर गेलं, पाय खड्ड्यांत उतरले आणि डाग पूर्ण झाला.

मी नवऱ्याला दाखवला. त्यानं वाकून पाहिलं आणि घाम पुसत म्हणाला, "चला, कपाट माहेरी आलं."

आम्ही खूप हसलो. त्या आठवड्यात घर खरोखरच आमचं वाटायला लागलं. मी पडदे शिवले. फळीवर डबे लावले. स्टूल नुसतंच पडून असायचं, म्हणून मी ते खिडकीत नेलं आणि त्याच्यावर रोपाची कुंडी ठेवली.

बाक सगळ्यांत शेवटी आला. काळ्या लाकडाचा, जड. भिंतीशी लावल्यावर ते दोन डाग त्याच्या पाठीच्या वरच राहिले. नवरा ऐटीत जाऊन डावीकडे बसला आणि मागे टेकला. डाग त्याच्या डोक्याच्या चार बोटं वर होता.

"पाचर इथे बसत नाही बाई," तो म्हणाला.

महिनाभरानं त्याच्या शर्टाच्या बाह्या आखूड झाल्या.

कापड आटलं असणार, असं मी म्हटलं. ते कापड मी स्वतः भिजवून मग कापलं होतं, हे आठवलं तेव्हा जरा खटकलं. मी पेटीतून त्याचा फर्मा काढला आणि शर्टावर ठेवला. शर्ट आटला नव्हता. फर्मा आणि शर्ट अगदी बरोबर होते.

त्याच आठवड्यात तो कामावरून उशिरा आला. दोन्ही खांदे सोललेले होते.

"झडपेत अडकलो," तो म्हणाला. "वीस मिनिटं. खालून दोघांनी पाय ओढून काढलं. साहेब म्हणाले, लग्न मानवलंय तुला. खाणं कमी कर, नाहीतर ऑफिसात बसवीन."

"मग कर कमी."

"मी जाड झालोय का गं?" त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं. ऑफिसात बसणं म्हणजे त्याला शिक्षाच होती. त्या कामावर त्याचा जीव होता.

तो जाड झाला नव्हता. नव्या शर्टाचं निमित्त करून मी त्याला भिंतीशी उभं केलं आणि टाचेपासून डोक्यापर्यंत टेप लावला. पाच फूट साडेतीन.

मी परत लावला. तेवढेच.

"किती?"

मी आकड्यावर अंगठा ठेवला. "बरोबर आहे. काहीच फरक नाही."

मी खोटं का बोलले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तो आधीच घाबरलेला होता हे एक. आणि दुसरं म्हणजे, आकडा तोंडातून बाहेर पडला की ते खरं होईल अशी मला भीती वाटली. एरवी मी अशा गोष्टींना हसणारी बाई. दुसऱ्या दिवशी मी टेप कारखान्यात नेला आणि पोलादी पट्टीला लावून पाहिला. टेप ताणला गेला नव्हता.

विचित्र हे की डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तो कामावर निघताना मी दारात त्याला बिलगायची, तेव्हा माझं कपाळ पूर्वी त्याच्या ओठांशी जिथे टेकायचं तिथेच टेकायचं. मला तो मुळीच उंच वाटत नव्हता. फक्त टेप तसं सांगत होता आणि मी माणसापेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवत आले आहे.

दर रविवारी काहीतरी कारण काढून मी त्याचं माप घ्यायची. पाच फूट चार. पाच फूट साडेचार. दर वेळी अंगठा आणि दर वेळी "बरोबर आहे". माझं कामातलं लक्ष उडालं. कटिंगचं टेबल फार खाली आहे असं वाटायचं, वाकून वाकून पाठ भरून यायची. काळजीनं माणूस असा मोडतो, असं मी मनाशी म्हणायची.

खालच्या मजल्यावर एक काकू एकट्याच राहायच्या. एका संध्याकाळी नवरा जिना चढत होता आणि मी चार पायऱ्या मागे होते. काकू दार उघडून बाहेर आल्या आणि त्याच्या पाठीकडे बघून म्हणाल्या, "अरे वा, कधी आलात परत?"

तो वळला. काकू ओशाळल्या. "तुम्ही होय. पाठमोरे अगदी त्यांच्यासारखे दिसलात."

तो वर गेल्यावर मी काकूंपाशी थांबले. "कोण होते ते? कसे होते?"

"चांगले होते बाई. कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. दोघंही उंच. तिचा बांधा तर तुझ्यासारखाच, सडसडीत उंच." काकू दाराच्या कडीशी चाळा करत होत्या. "शेवटी शेवटी बाहेर पडायची नाहीत. बाकावर बसून असायची. मी हाक मारली की दोघं एकदम माझ्याकडे बघायची."

"आणि गेले कुठे?"

"सामान न्यायला टेम्पो आला, तो मी पाहिला. त्यांना जाताना नाही पाहिलं," त्या म्हणाल्या आणि मग दूध उतू जाईल म्हणत आत गेल्या.

मला उंच म्हणणारी बाई! काकूंना मोतीबिंदू होता आणि ऑपरेशन त्या पुढे ढकलत होत्या, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. मी फक्त ते बाकाचं बोलणं डोक्यात घेऊन वर आले.

नवरा त्यावरच बसला होता.

हल्ली तो कामावरून आला की तिथेच बसायचा. आधी पेपर घेऊन बसायचा, मग पेपर न घेता. थट्टा कमी झाली होती. एकदा मी "ए पाचर" म्हटलं तर त्यानं आजूबाजूला पाहिलं, मी दुसऱ्या कोणाला हाक मारतेय अशा नजरेनं. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. हा माणूस मला हवा होता, हाच, पाच फूट दोनचा. तो कोणाच्या तरी मापाचा होत चालला होता आणि ती मापं मीच कापून आणली होती.

"आपण हा बाक विकू या," मी म्हणाले.

"का?"

"जागा अडते."

"नाही अडत," तो म्हणाला. "त्याचीच जागा आहे ती."

मग साहेबांनी त्याला खरोखरच ऑफिसात बसवलं. दुसऱ्या एका मेकॅनिककडून मला ते कळलं.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. भर दुपार होती. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं, रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले.

तो बाकावर टेकून बसला होता. त्याचं डोकं डागात होतं.

डागावर नव्हे, डागात. कडेला अर्ध्या बोटाचीही जागा उरली नव्हती. फर्म्यावर कापड बसावं तसं ते बसलं होतं.

तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर रागही नव्हता आणि ओळखही नव्हती.

"बस ना," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, फक्त फार सावकाश. त्यानं शेजारी बाकावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं. "इथे बस. तुझी जागा आहे."

मी उजवीकडच्या डागाकडे पाहिलं.

सवयीनं मनातल्या मनात माप घेतलं. मी तिथे बसले तर माझं डोकं डागाच्या वीतभर खाली राहील. माझी नाही ती जागा. मला त्या विचाराचा केवढा आधार वाटला म्हणून सांगू.

"ऊठ," मी म्हणाले.

तो हलला नाही.

मी त्याचे दोन्ही हात धरले आणि ओढलं. एवढी ताकद माझ्यात कुठून आली कोण जाणे. तो उठला, झोपेतल्या माणसासारखा माझ्या मागे आला. मी एक बॅग भरली. माझी पेटी घेतली, त्याच्या शर्टाचा फर्मा घेतला. कुंडी खाली ठेवून स्टूलही घेतलं, कारण ते त्या भिंतींच्या खुणांतलं नव्हतं, आमचं होतं. बाकी सगळं तिथेच राहिलं. किल्ली दलालाच्या दुकानात टाकली. त्यानं ती लगेच खुंटीला लावली.

आम्ही दीड महिना नणंदेकडे राहिलो. भांडण झालं का, असं तिनं विचारलं, मी ओल आहे म्हणून सांगितलं. पहिले आठ दिवस नवरा नुसता झोपून होता. नवव्या दिवशी त्यानं चहात साखर कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलं आणि मला रडू आलं. त्याला माप द्यायला उभं केलं. पाच फूट चार. मग तीन. नणंद एकदा त्याच्याकडे आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "लग्नात तू हिच्याहून उंच होतास ना रे? पार वाळलास की!" तो ओशाळं हसला. आजारपणात माणूस वाकतो, असं मी म्हणाले.

शेवटी एका सकाळी मी त्याला जुना शर्ट घातला. बाही मनगटावर आली, खांदा खांद्यावर. पाच फूट दोन. मी अंगठा काढून त्याला आकडा दाखवला. त्याच आठवड्यात तो झडपेतून सुळकन वर गेला आणि साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

मग आम्ही ही खोली घेतली. एकच खोली, पण नवी कोरी. भिंती पांढऱ्याशुभ्र, कुठे एक ओरखडासुद्धा नाही. ती मी घ्यायच्या आधी सगळीकडून हात फिरवून तपासली. आता रंगही नको आणि सामानही नको, जमिनीवर बसू, असं आम्ही ठरवलं होतं. मला फार हलकं वाटत होतं.

काल दुपारी मी खिडकीला पडदा लावला. नवरा दाराशी जोडे पुसत होता. शेवटची कडी अडकवून मी मागे झाले आणि पडदा सरळ पडतोय का ते पाहिलं.

"छान," तो म्हणाला. मग म्हणाला, "कशावर चढलीस?"

"कशावर नाही."

स्टूल दारामागे होतं, आणल्या दिवसापासून तिथेच. त्याच्यावर आमची बॅग होती.

तो पडद्याच्या दांडीकडे बघत राहिला. मीही पाहिलं. दांडी खिडकीच्या बरीच वर होती. तो दांडीखाली गेला, हात ताणला, चवड्यांवर उभा राहिला. त्याची बोटं पोचली नाहीत.

"त्या घरात," तो हळूच म्हणाला, "हे स्टूल कुंडीखाली कधी गेलं?"

मला आठवलं. कपाट आलं त्या आठवड्यात. बाक यायच्या कितीतरी आधी. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ मी वरच्या फळीवरून डबे काढत होते आणि ठेवत होते.

मी सगळ्यांची मापं घेते. माझं माप कोणी घेतलं नव्हतं.

तो जवळ आला आणि माझ्या गळ्यातला टेप काढून घेतला. "सरळ उभी राहा."

मी भिंतीला पाठ लावली. त्यानं टेपचं टोक माझ्या टाचेखाली सरकवलं आणि टेप वर वर नेत गेला. मग एक पाऊल मागे जाऊन त्यानं स्टूल ओढलं, बॅग खाली ठेवली आणि स्टुलावर चढला. माझ्या डोक्याशी त्याचा हात थांबला. बराच वेळ थांबला. त्याचा श्वास माझ्या केसांना लागत होता.

"किती?" मी विचारलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "काहीच फरक नाही."

मी नजर वर केली. त्याचा अंगठा आकड्यावर होता.